डावा दिवा

शारजाच्या त्या मैदानात सकाळी साडेसहालाच
डांबर पायताणाला चिकटायला लागतं.
आम्ही चौदा जण पत्र्याच्या सावलीत,
सगळ्यांत मिळून पिवळ्या बंड्या तीन.
आधीच्याच्या घामानं भिजलेली
तशीच पुढच्याच्या अंगात.

नाव पुकारलं तेव्हा ते माझं आहे हे मला कळलंच नाही.
"खुन-दी-बा!"
गुलरेझनं कोपर मारलं. जा, तूच.

आठाचा आकडा काढला, पाय टेकला नाही.
अरुंद पट्टीवरून गाडी नेली
लग्नातल्या म्हातारीच्या चालीनं.
नारिंगी सुळक्यांमधून नागमोडी गेलो, एकही हलला नाही.
का हलेल?
आजऱ्याच्या वरच्या अंगाला, शेवाळलेल्या चढावर
दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन बांधून
अठरा वर्षं मी डेअरीला दूध घातलंय.
एकदा तर कॅन उतरवून त्याच गाडीवर
कळा सुरू झालेली मालन नेली,
आणि तीसुद्धा म्हणाली होती, जरा जोरात घ्या की.

शेवटचं वळण डावीकडचं.
दिवा लावला, मान फिरवून मागं बघितलं, वळलो.
पुढं पांढऱ्या रेघेला अगदी चिकटून
चाक थांबवलं, डावा पाय खाली.
मनात म्हटलं, झालं.

साहेब काही बोलला नाही.
पेनाचं टोक गाडीच्या तोंडाकडं केलं फक्त.

डावा दिवा.
लुकलुक. लुकलुक.

वळण मागं राहून चाळीस पावलं झाली होती
आणि गाडी अजून सांगत होती सगळ्या मैदानाला,
वळतोय हो, वळतोय, सांभाळा.

माझ्या गाडीला दिवे होतेच कुठं?
एक फुटलेला,
दुसऱ्यात गांधीलमाशीनं घर केलेलं.
मी हात दाखवायचो.
हात आपोआप खाली येतो,
तो विझवावा लागत नाही.

हे सगळं हिंदीत कसं सांगायचं ते जुळवीपर्यंत
त्यानंच सांगितलं, अगदी सावकाश,
"गाडी अच्छी चलाता. लेकिन पीछेवाला आदमी
तेरी बत्ती पे भरोसा करता."
मग टॅबवर बोट. मग पुढचं नाव.

टेकबहादूर पास झाला,
ज्यानं काल सरावात दोन सुळके पाडले होते तो.
व्हॅनमध्ये त्यानं सगळ्यांना ताकाच्या बाटल्या वाटल्या,
मला देताना खिडकीबाहेर बघत होता.
थंड होतं ताक. संपवलं.

दुपारी मालनचा फोन.
"झाली का हो परीक्षा?"
"दिवा ऱ्हायला."
"कुठला? देवापुढचा?"
मग सगळं समजावून सांगितलं, रेघेपासून पेनापर्यंत.
ती थोडा वेळ गप्प. मागं कोंबड्यांचा आवाज.
"म्हंजे तितं वळून झालं तरी सांगत बसला,"
ती म्हणाली,
"आनि हितं तीन वर्सं नुसतं सांगतायसा."
हसली असावी. रेंज तेवढ्यात गेली.
असावी, असं मी धरून चाललोय.

पुढची तारीख एकोणीस.
तिचे पैसे पगारातून, दोन हप्त्यांत.
तोवर हॉटेलच्या मागच्या दारात उभं राहून
बिर्याणीचे डबे पिशवीत भरायचे, गाठ मारायची,
आणि ज्याच्या खिशात कार्ड आहे त्याच्या हातात द्यायचे.
काल एकाला म्हटलं, रस्सा आहे रे, आडवी धरू नकोस.
त्यानं आडवीच धरली.

रात्री वरच्या बाकड्यावर, सगळे झोपल्यावर
लोखंडी दांडीवर डावा अंगठा ठेवतो.
सरकवायचा. वळायचं. दाबायचा.
सरकवायचा. वळायचं.
खालून गुलरेझ कुरकुरतो,
काय टकटक लावलीयेस.

दाबायचा.